जंगलात न्यायची गाडी

पीं. पीं. पीं. पीं. मग एक जाडसर खट्.

रविवारची दुपार होती. जर्मनीत रविवारी दुपारी कुणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही. गेर्लिंगेनमधल्या आमच्या शांत घरात बंदुकीच्या कपाटाचे ते आवाज मला स्वयंपाकघरात लख्ख ऐकू आले. कणकेतला हात तसाच राहिला. आत नील झोपला होता. चार वर्षांचा झाला तरी झोपेत त्याची एक मूठ अजून बाळासारखी कानाशी जाते.

"उघडलंस?" मी विचारलं.

"बॅटरी तपासतोय गं," शिरीष म्हणाला. "बंदूक आतच आहे."

त्या कपाटाचा नंबर मला ठाऊक नाही. ठाऊक असता कामा नये, असा इथला कायदाच आहे. सात वर्षांच्या संसारात आमच्यात एवढी एकच गोष्ट कुलूपबंद आहे, आणि तीही सरकारच्या हुकमाने.

नवरा शिकारी होईल असं मला कुणी लग्नाआधी सांगितलं असतं तर मी हसले असते. मूळ नाशिकचा, गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनिअर. झुरळ दिसलं तर वहाण मी उचलायची. पण त्याच्या विभागात डीटर नावाचा एक वयस्कर माणूस आहे. त्याच्याकडे श्वेबिश आल्बच्या डोंगरात शिकारीचं रान भाड्याने आहे. तो एकदा शिरीषला सोबत घेऊन गेला, आणि मग हा वर्षभर झाडांची, पाखरांची, पावलांच्या ठशांची जर्मन नावं पाठ करत बसला. शिकाऱ्याची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाला. "आठ वर्षं कँटीनमध्ये त्यांच्या टेबलावर बसतोय," तो त्या दिवशी म्हणाला, "आज पहिल्यांदा त्यांनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती." त्याचा चेहरा असा काही उजळला होता की माझ्या तोंडातला 'नको' मी गिळला. तेव्हापासून गिळतेच आहे.

त्या वर्षी, म्हणजे २०१७च्या नोव्हेंबरअखेर, तीन दिवसांची मोठी शिकार ठरली होती. हाकारे घालून रानडुकरं आणि हरणं उठवायची, आणि बंदूकवाल्यांनी आपापल्या जागी थांबायचं. पोचायला आणि मारलेलं जनावर बाहेर आणायला गाडी हवी. आमची छोटी हॅचबॅक चिखलात पहिल्या वळणावरच बसली असती.

डीटर जेवायला आला तेव्हा त्याने थालीपीठ काट्या-सुरीने खाल्लं, दही मागून घेतलं आणि मग हसत हसत पँट गुडघ्याच्या वर सरकवली. मांडीपर्यंत गेलेला पांढरा व्रण होता. बावीस टाके. जखमी डुकराचा माग काढताना ते झुडपातून अंगावर आलं. फोनला रेंज नव्हती, किल्ली कुठे पडली ते कळेना, म्हणून हा गाडीच्या बॉनेटवर चढून चाळीस मिनिटं बसून राहिला. खाली ते घिरट्या घालत होतं.

"गेनाऊ, बरोब्बर चाळीस मिनिटं," तो म्हणाला. "मग तेच मेलं. मी जिंकलो."

शिरीष मोठ्यांदा हसला. मी नीलचे कान झाकायला हात उचलले, पण त्याने सगळं ऐकलं होतं.

त्या दिवसापासून मी गाड्या बघायला लागले. म्हणजे बघत शिरीष होता. मी फक्त बॉनेटची उंची बघायची.

"ही कशी?" त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"छप्पर नाहीये हिला."

"आहे की. कापडी आहे."

"त्याला तंबू म्हणतात, शिरीष."

मग एक पिकअप. मागचा हौदा उघडा, पाण्याने धुवायला सोपा. काय धुवायचं ते मी विचारलं नाही. मग डीटरच्या पसंतीची एक बुटकी जपानी जीप. हलकी, अरुंद वाटेत जागच्या जागी वळणारी, चिखलात न रुतणारी. आम्ही ती बघायला गेलो. मी दार ओढलं तर ते पत्र्याच्या डब्यासारखं वाजलं.

"ही आपल्याला नेणार, की आपण हिला कडेवर घ्यायचं?" मी म्हटलं.

"अगं, जंगलात हलकीच बरी. जड गाडी रुतते."

"रुतू दे. उलटायची तरी नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटतं तेव्हा त्याला कळलं, मी रात्रंदिवस कसला हिशोब मांडते आहे ते.

तिसऱ्या शनिवारी आल्बमधल्या एका खेड्यात ती खाकी गाडी दिसली. एका म्हाताऱ्या वनकामगाराची. वीस वर्षं जुनी, तपासणीचा शिक्का ताजा, वजन दोन टनांच्या वर. बॉनेट माझ्या छातीला लागत होतं. दार लावलं तर तिजोरी बंद झाल्यासारखं वाटलं. आत बसले आणि कितीतरी दिवसांनी माझा श्वास पोटापर्यंत गेला. या काचेबाहेर काहीही घिरट्या घालू दे, तो आत असेल.

"हीच," मी म्हणाले.

"डीटर म्हणतो, ही फार जड—"

"डीटरला डीटरची घेऊ दे. तुला जायचंय ना? मग हीच."

निवडली मीच. हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण शिरीष कधीच सांगत नाही.

सासूबाईंना आम्ही एवढंच सांगितलं होतं की जंगलात फिरायला गाडी घेतली. व्हिडिओ कॉलवर ती खाकी भिंत बघून त्या म्हणाल्या, "अगो बाई! मिलिटरीत जाताय की काय?"

"सहलीला, आई," मी म्हणाले.

"बरं, पण पूजा केल्याशिवाय लांब न्यायची नाही हं. चारी चाकांखाली लिंबं ठेव. आणि ती नीलच्या हातनं ठेवून घे. लहान हातांनी ठेवलेलं पावतं."

"हो आई," म्हटलं. मला तर तेच हवं होतं. पावणारं काहीही चाललं असतं.

पुढच्या शनिवारी सकाळी पूजा केली. आमच्या घरापुढची जागा उताराची आहे, आणि मधे पाणी जायची एक उथळ पन्हळ. गाडी तोंड खाली करून उभी होती. डीटर अभिनंदनाला आला होता, हातात फरच्या झाडाची छोटी डहाळी घेऊन. तीही त्यांच्याकडची रीतच. मी बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं. शिरीष नीलला मांडीवर घेऊन आत बसला होता.

"हा मोठा दांडा कशाचा?"

"गिअरचा!"

"आणि हा छोटा?"

"आले फीअर रेडर!" नील ओरडला. चारही चाकं. तो मराठी सगळं समजतो, उत्तर जर्मनमध्ये देतो. मग त्याने तो छोटा दांडा दोन्ही हातांनी मागेपुढे केला, शिरीषने त्याची पापी घेतली, आणि दोघं खाली उतरले.

शिरीषने गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली होती. हँडब्रेक लावला नव्हता. ही त्याच्या वडिलांची सवय. नाशिकला पावसाळ्यात ओढून ठेवलेला हँडब्रेक चिकटून बसायचा, म्हणून ते आयुष्यभर नुसत्या गिअरवर गाडी उभी करायचे. आमच्या छोट्या गाडीला ते चालत आलं होतं. पण या गाडीत तो छोटा दांडा मधोमध राहिला की गिअरचा आणि चाकांचा संबंधच तुटतो. गिअर कुठलाही असो, चाकं मोकळी. त्या क्षणी तिला धरून ठेवत होती ती फक्त पन्हळीची दोन बोटं उंचीची कड. हे सगळं शिरीषला माहीत होतं. त्याचं पोटच त्यावर आहे. पण त्या सकाळी तो इंजिनिअर नव्हता, मुलाला गाडी दाखवणारा बाप होता.

नीलने मागची दोन लिंबं ठेवली. मग पुढचं एक. शेवटचं घेऊन तो माझ्या बाजूच्या चाकापुढे उकिडवा बसला. पिवळे रबरी बूट, निळं जाकीट.

"शोएन?" त्याने विचारलं. सुंदर दिसतंय का?

"खूप सुंदर, राजा."

मागे डीटरने डहाळी आत ठेवली आणि मागचं दार लोटलं. त्या दारावर अख्खं जादा चाक बसवलेलं होतं. दार आपटलं, आणि गाडी पुढे झुकली.

आवाज काहीच झाला नाही. इंजिन बंद होतं. फक्त माझ्यासमोरचं स्वस्तिक हलायला लागलं. मला वाटलं मलाच चक्कर येतेय. मग दुसरीकडचं लिंबू फुटलं.

हातातलं पूजेचं ताट कधी टाकलं आठवत नाही. नीलच्या जाकिटाची टोपी मुठीत आली एवढं आठवतं, आणि त्याचं वजन. एवढंसं, कणकेच्या पिशवीएवढं. मी त्याच्यासकट मागे पडले. शिरीष उघड्या दारातून अर्धा आत लोंबकळत हँडब्रेक ओढत होता, ओरडत होता. गाडी थांबली. चाकाखाली एक पिवळा बूट होता. रिकामा.

मी नीलची दहाही बोटं मोजली. पायाची मोजली. पुन्हा हाताची मोजली. तो रडत नव्हता. माझ्याकडे बघत होता, जणू मला काहीतरी लागलंय.

डीटरने वाकून बूट ओढायचा प्रयत्न केला. निघाला नाही. "आल्झो... तर..." तो म्हणाला. मग शिरीषच्या पाठीवर हात ठेवून, अगदी हळू म्हणाला, "शुक्रवारी सकाळी सहा वाजता शिकारीला निघतोय. तुला जमलं तर." आणि गेला.

दुपारभर शिरीष स्वयंपाकघराच्या फरशीवर भिंतीला टेकून बसला होता. कुंकू माझ्या बाहीवर होतं, त्याच्या गुडघ्यावर होतं, नीलच्या केसांत होतं. मी ते ओल्या फडक्याने पुसत होते आणि ते पसरत होतं.

"कारण कळलंय," तो अखेर म्हणाला. "छोटा दांडा मधे राहिला. आता प्रत्येक वेळी हँडब्रेक. दांड्यावर लाल पट्टी लावतो. पुन्हा होणार नाही."

"तिथे बर्फ असेल."

"हो."

"अंधार लवकर पडतो. फोन लागत नाही."

"मी एकटा थोडाच असणार आहे? तीस माणसं आहेत."

"तीस बंदुका आहेत," मी म्हणाले. आणि मग वर्षभर गिळलेलं बाहेर आलं. "जाऊ नकोस, शिरीष."

त्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते सकाळचं होतं. "मी त्यांना हो म्हटलंय," तो म्हणाला. "गाडी घेतली, पूजा केली. आता काय सांगू? बायको घाबरते म्हणून?"

"सांग. खरंच आहे ते."

तो उठला आणि खाली गेला. खिडकीतून दिसलं, तो उकिडवा बसून चाकाभोवतालचं काहीतरी खरवडून काढत होता. बॉनेटच्या मागे तो पूर्ण झाकला जात होता. मी निवडलेली उंची.

नील माझ्या मांडीवर चढला. त्याच्या पायात एकच मोजा होता. खिडकीच्या काचेला नाक लावून तो बराच वेळ बापाकडे बघत राहिला. मग त्याने माझी मूठ, सकाळी त्याची टोपी धरलेली, दोन्ही हातांत घेतली आणि बोटं एकेक करून उघडून बघितली.

"आई," तो म्हणाला, चक्क मराठीत, "तू मला ओढलंस. जंगलात बाबांना कोण ओढणार?"