रुग्ण गैरहजर, पट्टा हजर

मित्रांनो, मी एक जुना कंबरपट्टा आहे. दागिन्यांच्या डब्यातला नव्हे हं, मला कुणी लग्नकार्यात मिरवत नाही. जाड सुती कापडाचा, तीन बोटं रुंद, निळ्या रेघांचा आणि टोकाला दातेरी बकल असलेला. अमेरिकेत, मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणींच्या गावात एक लहानसा दवाखाना आहे. तिथल्या व्यायामाच्या खोलीत मी पंधरा वर्षं भिंतीच्या खुंटीला लटकत होतो. मला नावबिव नाही. "तो पट्टा दे गं," एवढीच माझी ओळख.

जन्माचं मला धड काही आठवत नाही. मागाची खडखड, शिवणयंत्राचे टाके आणि मग खोक्यातला अंधार. बाहेर आलो तो थेट एका आजोबांच्या कमरेला. अर्धांगाने त्यांचा पाय लुळा पडला होता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला मागून घट्ट धरलं आणि आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, मीच उठवलं! त्यानंतर पंधरा वर्षं मी याच ऐटीत राहिलो. दर वेळी उकळत्या पाण्यात धुऊन माझ्या रेघा फिकट झाल्या, पण ऐट काही उतरली नाही.

मग गेल्या हिवाळ्यात रेनो लाहती आला आणि माझं डोकंच चक्रावून गेलं.

रेनो खाणीत मोठाले ट्रक चालवून निवृत्त झालेला. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. त्याची बायको मार्लिस रोज दुपारी यायची, डब्यात रानतांदळाचं सूप घेऊन. शुक्रवारी रेनोला घरी सोडायचं ठरलं होतं, पण एका अटीवर. त्याला पलंगावरून खुर्चीत कसं न्यायचं हे मार्लिसला आलं पाहिजे. नाही आलं तर रेनोची रवानगी शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात. मार्लिस हे ऐकून पांढरीफटक पडली होती.

मंगळवारी रेनो वरच्या मजल्यावर बोलण्याचे धडे घेत होता. इकडे जनेलने, म्हणजे आमच्या व्यायामवाल्या बाईंनी, मला काढलं आणि चक्क स्वतःच्याच कमरेला बांधलं!

"आता मी रेनो," ती म्हणाली. "माझी उजवी बाजू गेलीय. उठवा मला."

मी गांगरलो. ही तर धडधाकट! सकाळी जिने धावत चढते! आणि ज्याला उठवायचं तो कुठे? मार्लिसने मला असं ओढलं की माझे टाके कळवळले. जनेल हसत ओरडली, "अहो, बटाट्याचं पोतं आहे का मी?" अर्धा तास हे असंच चाललं.

तेवढ्यात दारात कॉनी उभी राहिली. कॉनी पाव्लिच बिलं बनवते. तिच्या चष्म्यातून काही सुटत नाही.

"हे कोणाच्या नावावर लिहू?"

"रेनोच्या."

"रेनो कुठाय?"

"वर."

"म्हणजे तो इथे नव्हता, शिकली ही, पट्टा तुझ्या कमरेला, आणि बिल त्याच्या नावावर?"

"तसा नियमच आहे आता," जनेल म्हणाली. "रुग्ण समोर नसताना घरच्यांना शिकवलं तरी चालतं."

"चालतं गं, माझी आई! पण त्याची संमती कुठाय? माझ्या मागे बायकोला शिकवा, असं तो म्हणाला का? तसं कागदावर आहे का?"

जनेलने जीभ चावली. उत्साहाच्या भरात तिने आधी शिकवलं होतं आणि विचारायचं राहूनच गेलं होतं.

"मग आजचं गेलं," कॉनी म्हणाली. "आणि मोठ्या साहेबांनी बजावलंय, बिलात न बसणारं शिकवणं आता बंद."

"रेनो इथे होता असं लिहिलं तर?" जनेलने विचारलं.

"खोटं मी लिहीत नाही. नोकरी गेली तरी नाही."

मला तर काहीच कळेना. रुग्ण नसतानाही तो असतो, आणि असल्याचं लिहिलं तर ते खोटं? मी आपला खुंटीवर लटकून विचार करत बसलो.

बुधवारी तिघीजणी संमती मागायला रेनोकडे गेल्या. मी जनेलच्या खांद्यावर होतो. तिने समजावलं, विनवलं. रेनोने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"नाही म्हणजे नाही."

मार्लिसचा तोल सुटला. "अरे, तुला घरी यायचंच नाही का? सांग ना तसं! मी एकटीच सूप पीत बसते!"

"वृद्धाश्रमात टाका मला."

"असला कसला हट्ट रे मेल्या! पन्नास वर्षं झाली, अजून तुझा ट्रक मागे काही वळत नाही."

रेनोने तोंड पुन्हा इकडे वळवलं. मग अडखळत, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "झटका आला तेव्हा सॉनाच्या, त्या वाफेच्या खोलीच्या पायरीवर मी पडलो. तू तासभर मला उचलत होतीस. मी बघत होतो. तुझी पाठ मोडली. अजून रात्री कण्हतेस, मला सांगत नाहीस. पुन्हा मला उचलायला तुला शिकवणार? मी सही करणार नाही."

मार्लिस मटकन खुर्चीत बसली.

जनेल त्याच्या पुढ्यात जाऊन वाकली. "रेनो, मी त्यांना उचलायला शिकवतच नाहीये. उचलायचं नाही, हेच तर शिकवतेय. उठायचं तुम्ही, तुमच्या डाव्या पायावर. त्यांनी फक्त धरायचं. हा पट्टा उचलण्यासाठी नसतोच मुळी."

मित्रांनो, माझ्यावर आभाळच कोसळलं! उचलण्यासाठी नसतो? मग पंधरा वर्षं मी काय केलं? त्या आजोबांना कोणी उठवलं? त्या टाळ्या कुणाच्या होत्या? मला कुणी काही विचारलं नाही, आणि पट्ट्याला कोण विचारणार म्हणा.

रेनोने बायकोकडे पाहिलं. "तिला ओढावं लागणार नाही?"

"तसूभरही नाही."

"मग आण तो कागद."

डाव्या हाताने त्याने कशीबशी सही केली. कॉनीने ती दोनदा निरखली, तारीख घातली आणि नाक पुसत बाहेर गेली. त्या दिवशी आणि गुरुवारी मार्लिस जनेलला उठवत राहिली. रेनो दोन्ही वेळा वरच होता, आणि आता ते सगळं खरं खरं लिहिलं जात होतं. कॉनीने मिनिटंसुद्धा मोजून घेतली. मला ते अजूनही समजलेलं नाही. तुम्हाला समजलं तर मला येऊन सांगा.

शुक्रवार उजाडला. आज जनेल नुसती बाजूला उभी राहणार होती. मार्लिसने मला रेनोच्या कमरेला बांधलं आणि बकल दोनदा ओढून पाहिलं. तिने मला गच्च पकडलं आणि घाबरून ओढायला लागली. जनेल एक पाऊल पुढे आली आणि तिथेच थांबली.

"मार्लिस," रेनो म्हणाला, "ओढू नकोस. नुसती धरून राहा."

तिची पकड सैल झाली. रेनो पुढे झुकला. डावा पाय जमिनीवर रोवला, घामाघूम झाला, आणि हळूहळू उठून उभा राहिला. मी जागचा हललोसुद्धा नाही. मी काही म्हणजे काहीच केलं नाही.

खुर्चीत बसल्यावर तो म्हणाला, "पाठ?"

"ठीक आहे रे," मार्लिस म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर कपाळ टेकून हुंदके देऊन रडली.

जनेलने मला त्यांच्याबरोबर घरी पाठवलं. आता स्वयंपाकघराच्या दाराशी माझी खुंटी आहे. एकदा मार्लिस मला बांधायला विसरली, तर रेनो उठायलाच तयार होईना. "कुणी धरलेलंच नाही," म्हणाला. तिने मला आणलं, हात लावला, आणि तो उठला. माझं काम नक्की काय, हा गोंधळ माझ्या मनात आहे तो आहेच.

पण मित्रांनो, एवढं मात्र सांगतो. तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर जवळच्या एकीच्या गळ्यात सगळं टाकून "सांभाळ हं" म्हणत निघून जाऊ नका. कसं सांभाळायचं हे तिलाही कुणीतरी शिकवायला हवं. आणि शिकवून झालं की तिला विचारा, तुझी पाठ कशी आहे?