भिंतीची मागची बाजू

"मिस्त्री, मला यातलं काही कळत नाही. पण हे पोटच ना?"

घरमालकानं भिंतीच्या फुगवट्याकडे बोट केलं. तरुण माणूस, ऑफिसला निघालेला, एका हातात गाडीची किल्ली. भिंतीच्या दोन टोकांना खिळे ठोकून त्यानं दोरी ताणली होती आणि मध्यावर दगडांनी तिला चांगलंच बाहेर ढकललं होतं. लपवायला काही जागाच नव्हती.

"पोटच आहे," तो म्हणाला.

"वाढेल?"

"मागं पाणी साचलं तर वाढेल."

"साचणारच की! पाऊस काय आपल्याला विचारून पडतो?" मालक खिडकीकडून भिंतीकडे आणि भिंतीकडून खिडकीकडे बघत होता. घरामागं टेकडीचा उतार होता आणि तो अडवून धरायला ही पुरुषभराहून उंच संरक्षक भिंत. भिंतीसमोर चार पावलांवर झोपायची खोली. "बायकोनं काल मुलीचा पलंग पुढच्या खोलीत नेला. मी तिला हसलो. आता मलाच झोप लागत नाही."

"मी सगळी उकलून पुन्हा रचून देतो."

"आणि पुन्हा पोट आलं तर?"

मालक काही वाईट माणूस नव्हता. आठवडाभर थांबतो म्हणाला. त्यात सुधारणा दिसली नाही तर मात्र ही काढून सरळ काँक्रीटची ओतून घेणार. "राग मानू नका हं," असंही म्हणाला, आणि मिस्त्रीला तेच जास्त लागलं.

मिस्त्रीच्या भिंतीला आजवर पोट आलं नव्हतं. चढावरच्या वस्तीत निम्म्या घरांची अंगणं त्याच्या भिंतींनी सावरून धरली होती. सिमेंट नाही, लोखंड नाही. दगडावर दगड, आणि सगळ्या भिंतीचा कल किंचित टेकडीकडे. याचा त्याला गर्व होता आणि तो लपवायची त्याला कधी गरज वाटली नव्हती. रस्त्यानं जाताना आपली भिंत दिसली की तो हमखास थांबायचा, जावयाच्या पाठीवर मारावी तशी तिच्यावर थाप मारायचा आणि सोबतचा माणूस "ही कोणी बांधली?" असं विचारेपर्यंत तिथून हलायचा नाही.

या सगळ्या भिंतींच्या मागं त्याची बायको असायची. अगदी खरोखरीच मागं. तो समोरून दर्शनी दगड रचायचा आणि ती भिंत आणि टेकडी यांच्यामधल्या चरात बसून भिंतीची पाठ भरायची. समोरचं काम त्याला उस्तादानं शिकवलं, मागचं काम तिला उस्तादाच्या म्हाताऱ्या बहिणीनं. त्यानंतर तीसेक वर्षं तो समोरून "झालं?" म्हणून ओरडायचा आणि मागून "थांबा" असं यायचं. त्या "थांबा"नं त्याचं डोकं फिरायचं. "दगड भरतेयस की मोती ओवतेयस?" असं तो चारचौघांत विचारायचा. ती उत्तर द्यायची नाही. तिचं तिला पटलं की "हं" म्हणायची, मग तो पुढचा थर लावायचा.

गेल्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

तिच्या जागी त्यानं एक गडी ठेवला. अंगापिंडानं दणकट, सगळे त्याला पैलवान म्हणायचे. पैलवान कधी "थांबा" म्हणाला नाही. भरलेली घमेली तो एकामागून एक मागं उपडी करायचा आणि मिस्त्रीनं विचारायच्या आधीच "झालं!" म्हणून मोकळा व्हायचा. भिंत अशी भराभर वर चढली की आपण उगाच इतकी वर्षं वेळ घालवला, असंही मिस्त्रीच्या मनात येऊन गेलं. तीच ही भिंत.

"पाठ नीट भरली नाहीस," मालक गेल्यावर तो पैलवानाला म्हणाला.

"नीट म्हणजे कशी? मोठे दगड टाकले, वर खडी टाकली. तुम्ही सांगितलं तेच केलं."

"टाकायची नसते. भरायची असते."

"बरं. दाखवा."

पैलवान उर्मटपणानं म्हणाला नव्हता. खरंच शिकायला तयार होता, हात झटकून उभा होता. मिस्त्री चराच्या काठाशी गेला, एक दगड उचलला, इकडून तिकडून पाहिला आणि खाली ठेवला. दगडाची दर्शनी बाजू कुठली, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. पण चरात उतरून तो कधी बसलाच नव्हता. मागं काय, भरायचंच तर असतं, असं तो आयुष्यभर मानत आला होता.

"उद्या दाखवतो," तो म्हणाला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं रेडिओ लावला, मग बंद केला. स्वयंपाक केला आणि झाकून ठेवला. घरात बोलायला कोणी नसलं की माणूस भांड्यांवर खेकसायला लागतो, तसा तो हल्ली खेकसायचा. शेवटी त्यानं मुलीला फोन लावला. ती लग्न होऊन लांबच्या शहरात होती.

"जेवलात का बाबा?"

"हो. अगं, एक विचारायचं होतं. आई मागं काय करायची?"

"मागं म्हणजे?"

"भिंतीच्या मागं. कशी भरायची ती?"

"मला कसं माहीत असणार? मी शाळेत असायचे. तुम्हीच होतात ना तिथं?"

"होतो की."

"मग?"

"काही नाही. सहज विचारलं."

फोन ठेवून तो तसाच बसून राहिला. ती गेल्यापासून घर खायला उठायचं, पण ती आपल्याला पुरती माहीत होती, एवढं तरी त्याच्याजवळ शिल्लक होतं. आता त्याची त्यालाच खात्री वाटेना, आणि त्याला इतकं एकटं त्या हिवाळ्यातही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो चढावरच्या शेवटच्या घरी गेला. तिथली भिंत म्हणजे दोघांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी. घर वर, अंगण वर, आणि ते अंगण सावरणारी भिंत खाली गल्लीत उतरलेली. दार एका वयस्कर बाईंनी उघडलं. शाळेतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या.

"मी तुमची ही भिंत बांधलेला मिस्त्री."

बाईंनी चष्मा सारखा केला. "कोण?" मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अय्या, म्हणजे तुम्ही तिचे 'हे' का! कशी आहे ती?"

त्याला अशी ओळख आजवर कोणी दिली नव्हती. ती गेल्याचं त्यानं सांगितलं. बाई चौकट धरून उभ्या राहिल्या, मग तिथंच पायरीवर बसल्या.

"मला कोणी कळवलंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. इथं कळवायला हवं होतं हे त्याला आत्ता कुठं उमगलं.

"तुम्ही खाली गल्लीत असायचात. मला तुमची नुसती टोपी दिसायची," बाई सांगू लागल्या. "ती मात्र इथं, माझ्या पायाशी, चरात. तेव्हा मी नुकतीच एकटी पडले होते. दिवसभर आमच्या गप्पा. बोलता बोलता दगड हातात फिरवायची, नाही बसला की दुसरा घ्यायची. मी म्हटलं, अगं, मातीआड जाणार हे, कोण बघणार आहे? तर म्हणाली, पाणी बघतं की."

"माझ्याबद्दल काही बोलायची?" त्यानं विचारलं आणि लगेच ओशाळला.

"बोलायची ना. म्हणायची, ते खाली तापलेत, पण मी 'हं' म्हटल्याशिवाय पुढचा दगड लावणार नाहीत. त्याचं तिला भारी कौतुक."

मिस्त्रीनं मान खाली घातली. मग त्यानं आपलं काम सांगितलं. भिंत जराशी उकलून आत बघायची होती, नंतर होती तशी लावून द्यायची होती.

"चांगली धडधाकट उभी आहे ती!"

"म्हणूनच बघायचीय."

बाईंनी विचार केला. "बघा. तुमचीच आहे," त्या म्हणाल्या, आणि मग, "म्हणजे, तुम्हा दोघांची."

फाटकाकडच्या टोकाला त्यानं माथ्यावरचे दगड काढले आणि अंगणाच्या बाजूनं माती उकरत खाली गेला. आधी बारीक खडीचा पट्टा लागला, मोकळा, मातीचा कणही आत न शिरलेला. मग मुठीएवढे दगड, मग त्याहून मोठे, आणि सगळ्यात शेवटी त्याच्या दर्शनी दगडांची आत शिरलेली टोकं. एकही दगड टाकलेला नव्हता. प्रत्येक दगड सपाट बाजूवर आडवा, खालच्या दोघांवर मिळून बसवलेला, आणि फटींत कपच्या अशा ठोकलेल्या की पहार लावल्याशिवाय निघेनात. एका ठिकाणी त्याचा दर्शनी दगड आखूड पडला होता. घाईत लावला असणार. तिथं तिनं मागून एक लांब दगड आत घुसवून त्याला धरून ठेवलं होतं. थोडं पुढं आणखी एक आखूड दगड निघाला, मग आणखी एक. सगळ्यांना तिनं मागून असंच धरलं होतं आणि त्यातलं त्याला कधी काही सांगितलं नव्हतं.

मिस्त्री चरात मटकन बसला. त्याला रडू आलं, आणि रागही आला. तिचा आला की स्वतःचा, हे त्याला ठरवता येईना.

"सांगायचं नाही का?" तो मोठ्यानं म्हणाला.

वर अंगणात बाई उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

मग तो उकललेला भाग पुन्हा भरायला लागला. दगड तेच, जागा तीच. पण भरून झालं तेव्हा घमेलंभर दगड उरले. त्यानं पुन्हा उकललं, पुन्हा भरलं. ऊन उतरेपर्यंत उरणारे दगड कमी झाले, तरी उरलेच. शिकायचं म्हणून त्यानं तिच्या हातची एवढीशी जागा मोडली होती, आणि आता ती तशी लावणारं कोणी नव्हतं.

"राहू द्या आता," बाई वरून म्हणाल्या. "पडणार तर नाही ना?"

"नाही. पडणार नाही."

"मग झालं. येत जा कधीतरी. तिच्याबद्दल बोलू."

येईन म्हणाला. खरंच यायचं होतं त्याला.

मालकाची भिंत त्यानं पार पायापर्यंत उकलली. मागं नुसता चिखल झाला होता. खडी, माती, कपच्या सगळं एक होऊन पाण्याची वाट बंद झाली होती. पैलवानानं ते बघून जीभ चावली.

"तू समोर हो," मिस्त्री त्याला म्हणाला. "दोरी सांगेल तसे दगड लाव, आखूड लावू नकोस. मी मागं बसतो."

"मी समोर? लोक विचारतील, मिस्त्री कुठायत?"

"विचारू देत."

मागं बसणं सोपं नव्हतं. एक खांदा मातीला लागायचा, दुसरा दगडाला. गुडघ्यांचे हाल व्हायचे. समोरचं काही दिसायचं नाही, नुसते आवाज यायचे, तेही पांघरुणाआडून आल्यासारखे. आठवड्याअखेर मालक दोरी बघायला आला. दोरी तसूभरही हलली नव्हती. काँक्रीटचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. "छान रचतोस रे, हात चांगला आहे तुझा," असं तो पैलवानाला म्हणाला. मागं मिस्त्रीनं ते ऐकलं आणि त्याला हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही.

भिंत माथ्यापर्यंत येत आली त्या दिवशी पैलवान दगड आणायला रस्त्याकडे गेला होता. मिस्त्री चरात गुडघ्यांवर होता. एक मोठा दगड निम्मा आत गेला होता. डाव्या हातानं तो त्यानं पेलून धरला होता, उजव्या हातात कपची. खाली घराचं मागचं दार उघडलं.

"मिस्त्री, चहा आणलाय!" मालकाची बायको होती.

"ओ," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "ओ, इथं आहे!" पण आवाज मातीत आणि दगडांत तिथल्या तिथं जिरला.

"अहो, इथं कोणी नाहीये," ती आत नवऱ्याला सांगत होती.

"नीट बघ."

"बघितलं ना. भिंतीपाशी कोणीच नाही. चहा परत नेते मी."

दार लागलं. इतक्या घरी तो समोर कप घेऊन निवांत उभा राहिला होता. तेव्हा मागून तिनं किती वेळा ओ दिली असेल, हे विचारायला आता कोणी उरलं नव्हतं. डावा हात भरून आला होता. त्यानं कपची लावली, ठोकली, शेजारी आणखी एक लावली. दगड हलेनासा झाला. मग त्यानं हात काढून घेतला आणि पुढचा दगड उचलला.