क्वीनीच्या शिंगांवरचं नेट

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. पैज लावतो. माझा स्वतःचाही सुरुवातीला बसला नव्हता, पण इतक्या जणांना सांगून झालं की शेवटी लाजेखातर बसवावा लागला.

तरी सांगतो, कारण सकाळपासून नेट गेलंय आणि हा थिओ लॅपटॉप मिटून, तोंड पाडून हेटीच्या ओसरीवर बसलाय. म्हणतो, "अंकल फॉगी, असं असेल तर मी शनिवारच्या विमानाने जातो." अरे बाबा, त्या विमानाचं तिकीट काढायलाही नेटच लागतं! तेव्हा बस गपचूप. हेटी, तू तुझी केळी किसत राहा, मध्ये बोलू नकोस. ही बाई गोष्टीत मध्ये बोलली की गोष्टीचं वाटोळं होतं.

तर थिओ, तू ज्या खोलीत राहतोस ना, त्या खोलीत तुझ्याआधी मारिट राहायला आली. आता ती आईला भेटायला नॉर्वेला गेलीय म्हणून खोली तुला मिळालीय, हे लक्षात ठेव. काम तिचं असं, की टीव्हीवरच्या मालिकांमधली माणसं जे बोलतात ते खाली अक्षरांत लिहायचं. जगात कुठेही बसून करता येतं. थंडीला कंटाळली, नकाशात गरम समुद्रातला सगळ्यात बारीक ठिपका शोधला आणि ते आमचं नॉरफोक बेट निघालं.

तिला वाटलं आपण खोली भाड्याने घेतली. तिला काय माहीत, तिच्यावर एका म्हातारीचं अख्खं बेट टांगलेलं होतं ते.

झालं होतं असं. त्याआधी हेटी स्वयंपाकघरात घसरून पडली. दुपारी पडली, ती संध्याकाळी मी मासे द्यायला आलो तेव्हा सापडली. तिचा मुलगा रॉल्फ ब्रिस्बेनहून आला. चांगला मुलगा आहे, चांगली मुलंच जास्त त्रास देतात. म्हणाला, "मम, अकराव्या मजल्यावर तुझ्यासाठी खोली तयार आहे. लिफ्ट आहे. खाली दुकान आहे."

हेटी म्हणाली, "आणि तिथून काय दिसतं?"

"बारावा मजला असलेली इमारत दिसते," मी म्हणालो. रॉल्फने माझ्याकडे असं पाहिलं की मी माशांची पिशवी उचलून परसात गेलो.

शेवटी ठरलं एवढंच, की घरात कायम कुणीतरी राहणारं असेल तर हेटीने इथे राहायचं. नसेल तर ब्रिस्बेन. आणि इथे कायम राहणारं माणूस कुठून आणायचं? ज्याला त्याला स्वतःचं घर आहे, स्वतःची गुरं आहेत. राहता राहिले हे लॅपटॉपवाले. मारिटच्या आधी एकाला आणलं होतं. पहिल्यांदा आभाळ भरून आलं, नेट गेलं, आणि त्याच आठवड्यात तोही गेला. छत्रीसुद्धा विसरून गेला.

तर मारिट. पहिल्याच आठवड्यात घोटाळा. ती हेटीची गाडी घेऊन हिंडायची, आणि समोरून येणाऱ्याला हातच करायची नाही! आता तू म्हणशील त्यात काय. अरे, इथे समोरून गाडी आली की हात करायचा म्हणजे करायचा. कुणी स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलतं, कुणी एकच उचलतं, पाद्री हनुवटी उडवतो. माझा हात सगळ्यात मोठा, टोपीसकट. भांडण असलं तरी करायचा, मग हात करून झाल्यावर शिवी द्यायची. माझ्या भावाच्या शवपेटीला मी खांदा दिला होता, तेव्हा समोरून दूधवाला आला. मी मोकळ्या हाताने टोपी उचललीच. पेटी कलली, पण भावाने काही वाईट वाटून घेतलं नसणार.

तेव्हा लोकांना वाटलं, या पोरीच्या घरी नक्की कुणीतरी गेलंय. एवढ्या तरुण मुलीचा हात उठत नाही म्हणजे दुःख केवढं! झालं, हेटीच्या दारात घरी भाजून आणलेल्या 'पाय' पेस्ट्रींची रांग लागली. नारळाचे पाय, लिंबाचे पाय, किसलेल्या केळ्यांचं भाजलेलं पिलही, माझ्या चुलत बहिणीने तर शिंपल्यांचा पाय आणला आणि मारिटला छातीशी धरून रडलीसुद्धा. मारिट घाबरून हेटीला विचारते, "आंट हेटी, इथे सगळ्या भाडेकरूंना असं रडून खायला घालतात?"

हेटीने तिला हात करायला शिकवलं. मग बेटाने तिला आपलं म्हटलं. आणि हेटीच्या घरात संध्याकाळचे दोन दिवे लागायला लागले.

पण नेट! नेटचं काय? इथून पुढे विश्वास बसणार नाही, धरून बस.

माझी क्वीनी गाय तू पाहिली नाहीस. वासरू असताना तिने एका मासेमाऱ्याचा रेडिओ गिळला होता. छोटाच होता, पण चालू होता. तेव्हापासून क्वीनीने जांभई दिली की क्रिकेटचा स्कोअर ऐकू यायचा. रविवारी प्रार्थना. तिचं एक शिंग आभाळाकडे आणि दुसरं सिडनीच्या दिशेला. एकदा मारिट कुंपणापाशी बसून नेट येत नाही म्हणून स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती, तेवढ्यात क्वीनीने कुंपणावरून मान आत घातली, आणि धाडकन नेट आलं! मान बाहेर काढली, गेलं. मान आत, आलं.

हसतोस काय, थिओ? विचार हिला. नको, विचारू नकोस, तिला किसू दे.

मग काय, मारिट घडीची खुर्ची घेऊन क्वीनीच्या मागे. क्वीनी कुरणात, मारिट कुरणात. क्वीनी भर रस्त्यात बसली की मारिटही भर रस्त्यात, आणि गाड्या दोन्ही बाजूंना थांबलेल्या. गाईला आमच्याकडे कुणी उठवत नाही, आणि कामातल्या माणसाला उठवायचं तरी कसं? थांबलेले लोक खिडकीतून विचारायचे, "अगं, त्या डॉक्टरने तिला सोडलं का शेवटी?" मारिट लिहिता लिहिता मालिकेचं पुढचं सांगायची. एकदा मालिकेतला नायक गुडघ्यावर बसून "माझ्याशी लग्न" एवढं म्हणाला, आणि क्वीनी उठून चालती झाली. नॉर्वेभर लोक ताटकळले म्हणतात.

असं छान चाललं होतं. आणि एक दिवस मारिट ताटातलं नुसतं चिवडत बसली. हेटीने विचारलं, तेव्हा कळलं. ओस्लोच्या ऑफिसात नवीन साहेब आला होता. त्याचं म्हणणं, ही बाई मीटिंगमध्ये अर्ध्यातच गायब होते. शुक्रवारची मीटिंग पूर्ण झाली पाहिजे, चेहरा दिसला पाहिजे, आवाज आला पाहिजे. एकदा जरी तुटली तर सोमवारपासून ओस्लोला खुर्चीत.

हेटीने मारिटच्या ताटात अजून एक रताळं वाढलं. मी मात्र पाहिलं, की वाढून झाल्यावर तिने खिडकीतून आपल्या पाईनच्या झाडांकडे पाहिलं, एकेका झाडाकडे. माणूस बॅग भरताना कपड्यांकडे बघतं ना, तसं.

आणि शुक्रवारी दक्षिणेचा वारा सुटला. वारा म्हणजे कसला! सकाळी कोंबड्या जागच्या जागी बसल्या होत्या, संध्याकाळी शेजाऱ्याने फोन करून सांगितलं की अंडी त्याच्या अंगणात पडतायत. दुपारी त्या वाऱ्याने हेटीच्या छतावरची नेटची डिश मुळापासून उपटली. मी डोळ्यांनी पाहिली, समुद्रावरून तरंगत समोरच्या फिलिप बेटावर गेली. पुढच्या वर्षी तिच्यात पक्ष्यांनी अंडी घातली.

तिकडे ओस्लोला सकाळ, इकडे संध्याकाळ, मारिट टेबलापाशी केस विंचरून बसलेली. हेटीला घरात बसवेना, ती गाडी घेऊन बाहेर पडली. आता सगळं क्वीनीवर.

मी काय केलं? मी काही नाही केलं. मी कॅस्केडच्या धक्क्यावर होतो, जहाजातून आलेली पिठाची पोती होड्यांतून उतरवत होतो. तेव्हाच हा उजवा खांदा गेला माझा, पोत्यांनी. जाता जाता मी क्वीनीच्या कानात एवढंच म्हणालो, "बाई, हेटीचा प्रश्न आहे."

आणि क्वीनी, थिओ, क्वीनी आपणहून घरामागच्या टेकाडावर चढली. वारा असा की पाईनची बोंडं बंदुकीच्या गोळ्यांसारखी येत होती. पाऊस आडवा. क्वीनीने चार पाय रोवले, मान वर केली, आणि उभी राहिली. रवंथ नाही. शेपटी हलवणं नाही. डोळ्यांत पाणी जात होतं, तरी पापणी हलवली नाही, कारण तिला वाटत होतं की पापणी हलली तर चित्र हलेल. एकदा पाय निसटला, गुडघ्यावर आली, तरी मान तशीच वर. तिच्या मनात काय चाललं असेल सांगू? तिच्या मनात, की ही अकराव्या मजल्यावर गेली तर संध्याकाळी मासे कुणाकडे न्यायचे. म्हणजे... चारा कुणाकडे खायचा.

मीटिंग पुरी झाली. साहेब म्हणाला म्हणे, "तुमच्या बेटावर नेट तर आमच्यापेक्षा बरं दिसतंय." मारिट ओरडत अंगणात आली. हेटी गाडीतून उतरली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मारिट राहिली, म्हणून हेटी राहिली. आज टेलिफोनच्या पुस्तकात आमच्या सगळ्यांच्या टोपणनावांशेजारी मारिटचंही टोपणनाव छापलंय, "गाईची सावली". त्या नावाने शोध, मिळेल.

क्वीनीला मी ढीगभर केळी घातली. बिचारी पुढे म्हातारपणाने गेली. पण तिने हे कधी कुणाला सांगितलं नाही. गाय असली तरी लाज असते एखादीला.

म्हणून म्हणतो थिओ, आज नेट नाही, उद्या येईल. लगेच विमान बघायचं नसतं. चहा घे. हेटी, माझा कप इकडे उजवीकडे दे ना. ही बाई त्या दिवसापासून माझा कप डावीकडेच ठेवते, का ते तिचं तिला माहीत. अगं, किसणी का खाली ठेवलीस? हेटी, मी म्हटलं ना, मध्ये बोलायचं ना—

"खोटं!" हेटी म्हणाली. "थिओ, सगळं खोटं. तसल्या वाऱ्यात जहाजातला माल उतरवतात होय रे? आणि ती क्वीनी त्या संध्याकाळी माझ्या वाफ्यात रताळी खात होती, मीच तिला काठीने हाकललं. मग मी गाडी काढली. टेकाडाला वळसा घातला तर वर हा उभा. मी हात केला, याने केला नाही. मला वाटलं दिसलं नसेल. परत फिरून आले, परत केला, परत नाही. फॉगी, सख्ख्या भावाला खांदा देताना तू दूधवाल्याला हात केलास, आणि मला केला नाहीस! मी गाडी थांबवून नीट वर बघितलं. तुझ्या दोन्ही हातांत माझ्या छतावरची डिश होती, खोटारड्या, डोक्याच्या वर धरलेली. कुठली गाय!"