थडग्यापाशी रडणारं चाक

आमच्या लेकीला, फुआतिनोला, पहिलं मूल होणार होतं, त्या वर्षीची गोष्ट. सावाई बेटावरच्या आमच्या गावात रोज सांजेला माझ्या जुन्या पिकअपभोवती जत्रा भरायची. मळ्यातून नारळ भरून गाडी डोंगर उतरायची आणि आमच्या घरासमोर, वडिलांच्या थडग्यापाशी आली की मागचं उजवं चाक हंबरडा फोडायचं. मग आतून काळसर थेंब गळायचे.

"बाप रडतोय," मासेलिनो वैदूने सांगितलं. "आसवं अंगाला चोळा, दुखणं पळेल. चाक मात्र खोलू नका, मेलेल्याची झोप मोडेल." मेलेल्याला भूकही लागते म्हणे. ती मासेलिनोच्या पोटातून, आमच्या डुकरांनी भागायची.

सगळ्यांत पुढे मी. गुडघ्यांना चोळलं, टकलाला चोळलं. गुडघे होते तसेच राहिले. टक्कल मात्र इतकं चकाकलं की पाद्रीबुवा प्रार्थनेत माझ्याकडे बघेनात.

फुआतिनोला घाटापलीकडच्या इस्पितळात न्यायची वेळ आली. मी गाडी दारात आणली. भोवती गाव जमलेलंच होतं.

"ह्या गाडीत माझी पोर बसणार नाही," माझी बायको पेपे म्हणाली. तिच्या माहेरी बस होती, निम्मं बालपण बसखाली, दुरुस्तीत गेलेलं. "ब्रेक किती दाबावा लागतो हल्ली?"

"पार तळापर्यंत. वडील पुढे ओढतात. घाईच असायची त्यांना."

तिने थेंब बोटावर घेऊन हुंगला. "सडक्या अंड्यांचा वास. हे ॲक्सलचं तेल आहे, म्हाताऱ्या. हेच टकलावर थापतोस?"

"बाईने चाकाला हात लावला तर..." मासेलिनो म्हणाला.

"तर काय, आजचं डुक्कर बुडेल?"

ती गाडीखाली सरकली. ॲक्सलवर हवा सुटायला एक बारीक नळी असते, ती वाळूने बुजलेली. होड्या चढवायला आम्ही गाडी मागच्या मागे समुद्रात घालतो, वर आयती धुऊन निघाली म्हणून खूश होतो. पेपेने तार घातली. फुस्स! सगळे मागे सरले.

"गेले का बाबा?" मी विचारलं.

"हवा गेली. उतारावर ॲक्सल तापतो, हवा कोंडते, तेल चाकाजवळच्या रबरी सीलमधून बाहेर ढकलते." तिने जॅक लावून चाक खोललं, ब्रेकचा ड्रम काढला. सील फाटलेलं, चाक धरणारे ब्रेक शू तेलाने लडबडलेले. "हे बघ, ह्यामुळे ओरडतं आणि धरत नाही. पोरीला घेऊन घाटात गेला असतास, तर थेट बापाकडेच पोचला असतास."

"मग थडग्यापाशीच कसं रडतं?" मासेलिनो अजून हटेना.

"घर तिथे आहे. थांबायला म्हातारा तिथेच ब्रेक तळापर्यंत दाबतो."

आधी कुणीतरी खुदकलं, मग सगळे. मीही हसलो, टकलावरून तेल पुसत.

फुआतिनो शेजाऱ्यांच्या गाडीतून गेली, सुखरूप सुटली. नवं सील, नवे शू बसवले आणि वडील गप्प झाले.

बाबांनो, आवाज आला तर आधी चाक खोलून बघा. नमस्कार मागाहून करा, त्याला कुणाची ना नाही. पेपेचं थडगंही आता घरासमोरच आहे. ती गेल्या वर्षी मे महिन्यात, एका मंगळवारी वारली.