साखरेचं वाक्य

त्या संध्याकाळी बाबांनी नेहमीसारखा चाचणीचा कागद तिच्या ताटाशेजारी सरकवला. शिकवणीतल्या मुलांच्या हाती पडण्याआधी इंग्रजीचा प्रत्येक पेपर तिने सोडवायचा, हा शिरस्ता. चाळिशी आली तरी सुटका नव्हती. आज उभयान्वयी अव्ययं होती. रिकाम्या जागी ‘बट’, ‘सो’ की ‘बिकॉज’, ते निवडायचं. वाक्यं मात्र सगळी घरातली. एकात आईने साखर लपवली होती आणि रिकाम्या जागेपलीकडे ती बाबांना सापडली होती.

“बाबा, घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडता होय?”

“मुलं हसली की व्याकरण गळी उतरतं. बरं, पेपर कसा झालाय?”

“बरा आहे.”

“कधीतरी छान म्हण की! जीभ झिजेल का?”

ती नुसती हसली.

सकाळी चहा गार झाला, तरी बाबा उठले नाहीत. झोपेतच गेले होते.

पुढच्या महिन्यात तोच पेपर घ्यायला ती शिकवणीच्या खोलीत उभी राहिली. मुलं मुकाट्याने लिहीत होती. साखरेच्या वाक्याशी येताच पुढच्या बाकावरची मुलगी खुदकन हसली, मग तिच्या शेजारची, आणि बघता बघता सगळी खोली. तिने सवयीने बाबांच्या खुर्चीकडे पाहिलं. आता ते विचारतील, असं वाटून ती थांबलीसुद्धा.

मुलं गेल्यावर तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“छान झालाय, बाबा,” ती मोठ्याने म्हणाली. “सगळेच छान व्हायचे.”