आमच्याकडे कुणाला दमा नाही

तिच्या मांडीवर मुलीची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. डॉक्टर बाईंनी विचारलं, "घरात कुणाला दमा, ॲलर्जी?"

"आमच्याकडे नाही हो कुणाला," सासूबाई ताडकन म्हणाल्या. "हिच्या माहेरचं असेल काहीतरी." नवरा आपल्या बुटांकडे बघत राहिला.

चार वर्षं ती हेच ऐकत आली होती. कापडाची धूळ नको म्हणून तिने आपलं चालतं शिवणकामही बंद केलं होतं.

घरी आल्यावर उसवलेलं अस्तर शिवायला तिने नवऱ्याची बॅग उलटी केली, तर आतून दम्याचा पंप पडला. पंपाच्या तोंडाशी पिवळट थुंकी वाळली होती. तिने तो नवऱ्यासमोर धरला.

"लहानपणापासून आहे," तो पुटपुटला. "दादालाही आहे. आई म्हणाली, सांगितलं तर लग्न मोडेल."

"लग्नाचं सोड. पोरगी डोळ्यांदेखत घुसमटत होती, तेव्हाही तोंड उघडलं नाहीस?"

तिला त्याच्याकडे बघवेना. पंप चिमटीत धरून, मुलीला कडेवर घेऊन तिने पुन्हा दवाखाना गाठला.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "बापाला आहे, काकाला आहे. आणि आजीला काही विचारू नका, ती खोटं बोलते."