बोट काढा, साहेब

ऑफिसात तिला सगळे झाडूवाली म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. कामच तसं होतं. इस्पितळात आठ-आठ खाटांची नाडी एकत्र दाखवणारे मॉनिटर असतात ना, त्यांच्या कर्नलची मेमरी साफ करणं तिच्याकडे. कर्नल म्हणजे मशीनचा कारभारी. कोणाला जागा द्यायची, कोणाकडून कधी काढून घ्यायची, हे तोच ठरवतो. नाडीचा नवा आकडा आला की जुना टाकायचा आणि ती जागा दुसऱ्याला द्यायची. पण टाकायच्या आधी थांबायचं. तो जुना आकडा कोणी अजून वाचत असेल, तर त्याचं वाचून होईपर्यंत. जेवत्या माणसापुढचं ताट ओढू नये, एवढी अक्कल पाच वर्षांच्या पोरालाही असते. तिने ती मशीनला कोडच्या एका ओळीत शिकवली होती.

आणि नेमकी तीच ओळ कोणीतरी उडवली.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ती चार दिवस रजेवर होती. सोमवारी सकाळी परतली, तर दारातच तपासणीवाले काका उभे. तीस वर्षं मशिनं तपासून त्यांचे केस पांढरे झाले होते.

"पोरी, तुझं मशीन खोटं बोलतंय," ते म्हणाले. "आठ खाटा जोडल्या. सात नंबरचा बोटाला लावायचा चिमटा नुसता टेबलावर ठेवला. दहा सेकंद नाडी नाही म्हटल्यावर घंटा वाजायला हवी की नको? दोन मिनिटं बसलो. ढिम्म!"

तिने पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही. कोडमध्ये कोणी कधी काय बदललं त्याची यादी उघडली. गुरुवारची नोंद: थांबण्याची ओळ काढली, वेग वाढवला. करणारे, साहेब. आणि खाली 'तपासलं' पुढे नाव कोणाचं? तिचं! गुरुवारी ती आईच्या डोळ्यात दर दोन तासांनी थेंब घालत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये घुसली.

"अहो, पडदा कसा झरझर हलतोय ते बघा आधी," साहेब म्हणाले. "थांबण्यात उगाच वेळ जात होता."

"उगाच? साहेब, टाकलेल्या जागेत शेजारच्या खाटेचा आकडा येऊन बसतो. घंटा अजून तीच जागा वाचत असते. गेलेल्या माणसाच्या खाटेवर तिला क्षणभर शेजाऱ्याची नाडी दिसते आणि तिची दहापर्यंतची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते."

"लाखात एकदा होतं ते."

"मशीन सेकंदाला वीस हजार वेळा वाचतं! लाखात एकदा म्हणजे दर पाच सेकंदांनी एकदा. घंटा दहापर्यंत पोचणार कधी?"

"आवाज खाली," साहेब म्हणाले. "आणि विसरू नका, त्यावर तुमचं नाव आहे."

"ते घातलं कोणी?"

"फॉर्ममध्ये आपोआप येतं."

आपोआप! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. वर त्यांनी फर्मावलं, तीन वाजता इस्पितळाच्या मुख्य नर्सबाई मशीन पसंत करायला येताहेत, एकच खाट जोडून दाखवायची आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. एकच खाट म्हणजे शेजारी नाही, शेजाऱ्याचा आकडा नाही, आणि पितळ उघडं पडायला नको. दुरुस्ती म्हणे पुढच्या महिन्यात. तोवर मशिनं खाटांना लागणार, आणि एखाद्याची नाडी थांबली तरी घंटा गप्प राहणार. वर तिचं नाव.

नर्सबाई तीनला पाच कमी असतानाच आल्या. बुटकी मूर्ती, मनगटावर मोठं घड्याळ, बिस्किटाला हात लावला नाही. साहेबांनी हौसेने स्वतःच्या बोटाला चिमटा लावून घेतला. पडद्यावर अठ्ठ्याऐंशी आलं.

"छान," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमच्याकडे वॉर्डात एकच खाट असते का?" झाडूवालीने विचारलं.

"एक? अहो, खाटा पुरत नाहीत!"

"मग आठही जोडते." साहेबांनी डोळे वटारले, पण पाहुणीसमोर नाही कसं म्हणणार? काकांनी शेजारच्या चिमट्यात आपलं बोट घातलं. बाकीचे चिमटे नाडीच्या नकली यंत्रांना लागले.

"आता बोट काढा, साहेब."

त्यांनी काढलं. आकडा गेला, नुसती आडवी रेघ राहिली. नर्सबाई घड्याळाकडे बघू लागल्या. दहा झाले. वीस झाले. मधेच रेघेवर बहात्तर चमकून गेलं.

"हे बहात्तर कोणाचे?"

"माझे, बाई," काका म्हणाले.

घड्याळात चाळीस सेकंद झाले. "माणूस गेला," नर्सबाई म्हणाल्या. "मी पलीकडच्या खोलीत आहे. मला बोलावणार कोण?"

"किरकोळ आहे हो," साहेब हसले. "आमच्या मॅडमच्या हातून जरा राहून गेलं."

ऐका! तोंडावर, तिच्यादेखत! तिला वाटलं, ओरडावं. पण ती लॅपटॉप ओढून टाइप करत बसली. मग तिने तो साहेबांपुढे सरकवला.

"ओळ परत घातली," ती म्हणाली. "ती कोणी काढली आणि त्या दिवशी मी कुठे होते, तेही वर लिहिलंय. मी लिहिलेलं मला तपासता येत नाही, तसा नियम आहे. तुम्ही वाचा आणि नाव घाला. स्वतःच्या हाताने. आपोआप नको."

"हे सावकाश बघू ना. बाईंना घाई असेल."

नर्सबाईंनी पर्स मांडीवरून काढून खाली ठेवली.

"मुळीच नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं वाचून होईपर्यंत मी थांबते."

साहेबांनी वाचलं. कान लालबुंद झाले होते. एकेक अक्षर शोधत त्यांनी आपलं नाव घातलं. काकांनी नवा कर्नल मशीनवर चढवला, आठही खाटा पुन्हा जोडल्या. साहेबांनी बोट घातलं आणि काढलं. दहाव्या सेकंदाला घंटा अशी कोकलली की बाहेरची माणसं दारात गोळा झाली.

"बंद करा ती!" साहेब ओरडले.

"वाजू दे," नर्सबाई म्हणाल्या.